लाल पेनवाले काका, तुम्हाला जाहीर थँक्यू

काका, सा. न. वि. वि.

नाव टाकू नकोस असं फोनवर दोनदा बजावलंत म्हणून नुसतं काका लिहितोय. हे पत्र तुम्हाला एकट्याला पोस्टाने पाठवता आलं असतं, पण गडावरच्या पाण्यासाठी आमची साइट उघडणाऱ्यांना पण कळू दे ना की ती अचानक वाचता यायला लागली ती कुणामुळे. रागवू नका.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही पुण्यातले चौघं मित्र, नोकरीतून उरलेल्या वेळात ही साइट चालवतो. काम एकच, सह्याद्रीतल्या कुठल्या गडावर कुठल्या टाक्यात (म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या हौदात) पाणी आहे, पिण्याजोगं आहे का, हे जाऊन आलेल्यांनी भरायचं आणि जाणाऱ्यांनी बघायचं. ज्याने एप्रिलमध्ये शेवटचा घोट संपवून वर कोरडं टाकं बघितलंय त्याला हे कशाला लागतं ते सांगायची गरज नाही.

फीडबॅक आधी पण यायचा, नाही असं नाही. "एक नंबर साइट", "डार्क मोड द्या", "ॲप कधी?" वगैरे. आम्ही पण खुश, डार्क मोड देऊन टाकला. मग एक दिवस माझ्या पत्त्यावर जाडजूड खाकी पाकीट आलं. आत आमच्याच साइटच्या पानांच्या प्रिंट आणि प्रत्येक पानावर लाल पेन. कुठे काट, कुठे गोल, समासात बाण, आणि वर एका कागदावर बारीक अक्षरात "मी छापखान्यात प्रूफं तपासत होतो, सवय जात नाही, राग मानू नये". खरं सांगू का, पहिल्या रात्री मानला होता राग. एवढं रात्री जागून फुकट काम करतोय आणि हे काका उकार वेलांट्या मोजतायत! बायको म्हणाली आधी वाच तरी. वाचलं, आणि तिसऱ्या पानावर गार पडलो.

कारण तिसऱ्या पानावर तुम्ही चूक नव्हती दाखवली, तुमचं काय झालं ते लिहिलं होतं. गडाचं नाव इथे मुद्दाम देत नाही, गडाची काही चूक नाही. आमच्या साइटवर हिरवा ठिपका होता, पाणी आहे. तुम्ही आणि तुमचे तीन पेन्शनर दोस्त चैत्रात त्या भरवशावर माणशी एकच बाटली घेऊन चढलात आणि टाक्याच्या तळाला शेवाळलेला चिखल. ती नोंद कुणीतरी गणपतीच्या आसपास भरलेली, तेव्हा टाकं काठोकाठ असणारच. उतरताना खालच्या वाडीतल्या एका आजीने कळशीच पुढे केली म्हणून निभावलं, असं तुम्ही अगदी सहज एका ओळीत लिहिलंय. आणि खाली लाल पेनाने एवढंच, "पाणी आहे. कधी?"

तो "कधी?" आमच्या चौघांच्या डोक्यात कितीतरी दिवस वाजत होता. आम्ही तारीख लपवलेली नव्हती हो काका, ती होती, पण राखाडी बारीक अक्षरात कोपऱ्यात, कारण डिझाइन "क्लीन" दिसायला पाहिजे होतं ना. तो राखाडी रंग मग मोजून बघितला. साध्या मजकुराला पांढऱ्यावर किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, हवा असं ॲक्सेसिबिलिटीच्या (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या) नियमात आहे, आमचा निघाला २.८. घरात ट्यूबलाइटखाली मोठ्या मॉनिटरवर छान दिसतं सगळं, भर उन्हात कातळावर बसून फोन डोळ्याजवळ नेणाऱ्या माणसाला घंटा दिसणार.

आता तारीख ठिपक्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात असते. आणि तारीख कशी लिहायची ते पण तुम्हीच शिकवलंत. आम्ही "३ दिवसांपूर्वी" असं दाखवायचो, सगळ्या मोठ्या साइट करतात म्हणून. तुम्ही प्रिंटवर गोल करून लिहिलंत, "हा कागद मी दोन महिने खिशात ठेवला तर हे तीन दिवसच राहणार काय?" मी हसलो आणि मग लक्षात आलं की गडावर रेंज नसते म्हणून निम्मे लोक स्क्रीनशॉट काढूनच नेतात, त्यांचं पण तेच होतंय. त्या स्क्रीनशॉटमधले तीन दिवस कायमचे तीन दिवस. आता सरळ "१२ मार्च २०२५" असं येतं, महिना अक्षरात, कारण ०४/०५ म्हणजे ४ मे का ५ एप्रिल यावर पण तुमचा एक वेगळा बाण होता. एप्रिल आणि मे मध्ये टाकं आटतं काका, बरोबर आहे तुमचं.

ठिपक्यांचं पण तसंच. तुमच्या दोस्ताला लाल हिरवा वेगळा ओळखू येत नाही हे वाचून मला माझीच लाज वाटली, आमच्या ऑफिसात पण एक जण तसा आहे आणि तरी मला सुचलं नाही. आता रंगासोबत शब्द असतात. "आहे", "नाही", आणि तुम्ही सुचवलेला तिसरा, "आहे पण पिऊ नये". हा तिसरा आधी नव्हताच! आंघोळ केलेल्या, पाकिटं तरंगणाऱ्या टाक्याला पण आमच्याकडे हिरवाच ठिपका मिळायचा.

आता सर्चचा विषय, यात तुम्ही आमचं सगळ्यात जास्त काम वाढवलंत. तुम्ही "प्रसन्नगड" शोधलात, काही मिळालं नाही. चावंड म्हणून शोधलं तर मिळाला. मग तुम्ही यादीच पाठवलीत, तोरणा म्हणजे प्रचंडगड, तुंग म्हणजे कठीणगड, तिकोना वितंडगड, रोहिडा विचित्रगड, हडसर पर्वतगड. आणि खाली टीप, लोक गडाच्या नावाने कमी आणि पायथ्याच्या गावाने जास्त विचारतात, एसटीत कंडक्टरला कोण "राजगड द्या" म्हणतो, गुंजवणे म्हणतात. मग गावं पण घातली. तिथे घाटघरपाशी अडलो, कारण एक घाटघर आपल्या जुन्नरचं, जीवधन नाणेघाटाजवळचं, आणि दुसरं अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याकडचं. नुसतं घाटघर टाकलं की आम्ही जुन्नरच्या माणसाला अकोल्यात नेऊन सोडत होतो. आता तालुका सोबत येतो.

पण खरा घोळ दाऱ्या घाटाचा. तुम्ही लिहिलंत "दाऱ्या घाट शोधला, नाही म्हणतो, आणि खालच्या नोंदीत तर स्वच्छ छापलाय". आम्हाला वाटलं काकांनी काहीतरी चुकीचं टाइप केलं असणार (सॉरी). तपासलं तर दोन्ही अक्षरं दिसायला डिट्टो सेम, आत मात्र वेगळी. एक कीबोर्ड नुक्ता असलेला वेगळा ऱ वापरतो, दुसरा साध्या र चा पाय मोडून त्याच्यापुढे डोळ्याला न दिसणारी एक जोडखूण घालतो. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. आणि तिसरे लोक घाईत "दार्या" असा रफार देऊन मोकळे होतात. पायऱ्या, दऱ्या, कातळातल्या खोदीव पायऱ्या, ट्रेकच्या मराठीत हे अक्षर पावलोपावली, म्हणजे आमचा सर्च कित्येक महिने निम्म्या लोकांना खोटं बोलत होता आणि ते बिचारे माहिती नसेल म्हणून गप्प निघून जात होते. आता शोधताना तिन्ही एकच धरतो. फोनवर तुम्ही लगेच हरकत घेतलीत की "आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकच करून ठेवशील", तर काका, ते फक्त शोधण्यापुरतं, छापताना ज्याचं त्याला.

भाषेची एक दुरुस्ती तर आम्ही आता गावभर सांगत फिरतो. आम्ही सगळीकडे "गडावर ७ टाक्या आहेत" लिहिलं होतं. तुम्ही प्रत्येक टाक्या खोडलंत, पानोपान, आणि शेवटी वैतागून समासात, "टाक्या गच्चीवर असतात. गडावर टाकी असतात. एक टाकं, दोन टाकी". चावंडच्या सात टाक्यांची नोंद मी स्वतः केली होती, ती तर दुहेरी रेघेने खोडली होती. (आत्ता लिहिलेलं "टाक्यांची" बरोबर आहे ना? तिथे दोन्हीचं रूप तेच होतं असं वाटतंय, नाहीतर येईलच पाकीट.)

बाकी छोटं छोटं पुष्कळ. मथळ्यात शिवनेरीची वेलांटी वरून कापली जायची, कुलंगचा उकार खालून, कारण ओळींमधली जागा आम्ही इंग्रजीच्या हिशोबाने ठेवली होती. वरच्या तीन आडव्या रेघा म्हणजे मेनू आहे हे तुम्हाला कळलं नाही, "मला नक्षी वाटली", आता तिथे "यादी" असं लिहिलंय. नोंद भरायला ओटीपी लागायचा, तो रेंज नसलेल्या गडावर येणार कुठून आणि घरी आल्यावर माणूस विसरतो. आता वर बसून भरता येतं, फोनमध्ये राहतं आणि रेंज आली की जातं. यावर आमच्यातला एक जण अजून कुरकुरतो की खोट्या नोंदी वाढतील. बघू.

आणि तो बॅनर! जुलै २०२५ मध्ये आपले किल्ले जागतिक वारशात गेले, आम्हाला एवढा आनंद की बाराच्या बारा किल्ल्यांचे सरकते फोटो पहिल्या पानावर लावले, शोधायचा चौकोन पार खाली ढकलून. तुमची चिठ्ठी आली, "आनंद मला पण आहे. पण उद्या सकाळी जिंजीला कोण निघालंय? ती तमिळनाडूत आहे. मला पाणी दाखवा". त्याच रात्री काढला.

सगळं ऐकलं असं मात्र नाही हां. प्रत्येक गडाचा इतिहास पाण्याच्या वर यावा हे तुमचं म्हणणं आम्ही चौघांनी मिळून नाकारलं, कारण बॅनरला तुम्हीच जे लावलंत तेच इथे लागू होतं. त्यावर तुम्ही "हं" एवढंच म्हणालात आणि फोन ठेवलात, तेव्हापासून थोडी धाकधूक आहे.

तुम्ही नुसतं "माहिती जुनी आहे, सुधारा" असं लिहिलं असतं ना काका, तर आम्ही "नक्की बघतो" म्हणून विसरलो असतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. तुम्ही कुठे बसला होतात, हातात काय होतं, किती वाजले होते, कुठलं बटण दाबलंत आणि काय होईल वाटलं, हे सगळं लिहिलंत. प्रिंटचे पैसे तुमचे, पोस्टाचा खर्च तुमचा, आणि वर आमचीच माफी मागितलीत. त्या आजींना पण नमस्कार सांगा पुढच्या वेळी, कळशीबद्दल. आमच्या चुकीचं पाणी त्यांनी भरलं.

नवीन पानांच्या प्रिंट या सोमवारी पोस्टात टाकतोय. ओळी सुट्या ठेवल्यात, समास उजवीकडे चांगला रुंद सोडलाय, आणि पाकिटात दोन लाल रिफिल आहेत.

तुमचा,
टाक्या लिहिणारा