शेवंतीतला 'अज्ञात व्हायरस' आणि माझा निगेटिव्ह रिपोर्ट

संपादक साहेबांना नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या शेतीच्या पानावर बातमी होती, शेवंतीवर अज्ञात व्हायरस, शेतकरी हवालदिल, आणि खाली सल्ला म्हणून मावा-फुलकिड्यांसाठी दोन फवारण्या. फवारणीला माझा विरोध नाही, किडी आटोक्यात ठेवायलाच लागतात, पण अख्ख्या बातमीत कात्री, सुरी, शेंडे खुडणाऱ्यांचे हात यातलं एक अक्षर नव्हतं म्हणून लिहायला बसलो. मी कोरेगाव तालुक्यातला, वीस गुंठे शेवंती असते. कराडला राहून मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलं आणि ते सर्टिफिकेट आईनं देव्हाऱ्यामागं ठेवून दिलंय, त्याचा शेतीत कधी उपयोग होईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं, मला तर अजिबातच नाही.

आधी माझं रडगाणं ऐका. तीन वर्षांपूर्वी एका नर्सरीतून पूर्णिमा या शेवंतीच्या जातीच्या काश्या (लागणीसाठीचे फुटवे) आणल्या, दिसायला एकदम तजेलदार. लागण झाली, शेंडे खुडले, तिथपर्यंत सगळं ठीक, मग झाडं जागच्या जागी बसायला लागली. जे झाड गुडघ्याला लागायचं ते वितीएवढं राहिलं, पानं बारकी न फिकी, आणि फूल आलं ते रुपयाच्या नाण्याएवढं, ते पण वेळेआधीच. दसऱ्याला दादरला माल पाठवायचा तर क्रेट भरेना. दुकानदारानं आधी मायक्रोन्यूट्रियंट दिलं, मग टॉनिक, मग एक निळं पाणी, त्याचं बिल अजून माझ्याकडं आहे. एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली होती पण उमगली नाही, बसलेली झाडं रानभर विखुरलेली नव्हती, ओळीनं होती. एका टोकाला दोन-तीन झाडं बरी आणि तिथनं पुढं सलग खुजी. बाया शेंडे खुडत ज्या दिशेनं गेल्या त्याच दिशेनं.

पानं लॅबला पाठवली. एलायझा टेस्ट झाली, दोन व्हायरस बघितले, दोन्ही निगेटिव्ह. मी खूश. व्हायरस नाही म्हणजे खताची किंवा पाण्याची भानगड असणार असं समजून पुढच्या वर्षी त्याच प्लॉटमधल्या काश्या काढून लावल्या आणि थोड्या पाहुण्यांनाही दिल्या, त्याबद्दल ते अजून टोमणे मारतात. दुसऱ्या वर्षीही तेच झालं तेव्हा एका मित्राच्या ओळखीनं आरटीपीसीआर करून घेतली, कोरोनात नाकात काडी घालून करायचे तीच, आरएनए (डीएनएसारखीच अक्षरांची साखळी) शोधणारी, आणि उत्तर आलं, शेवंती खुजी करणारा व्हायरॉईड. लॅबवाल्याचं काही चुकलं नव्हतं बरं का. एलायझा पकडते ती व्हायरसच्या अंगावरचं प्रोटीनचं कवच, आणि व्हायरॉईडला कवचच नसतं. उघडा माणूस शर्टाच्या रंगावरनं शोधायला गेल्यासारखं झालं ते.

हा शब्द तुमच्या बातमीत यायला हवा होता. व्हायरॉईड म्हणजे लहान व्हायरस नव्हे, जातच वेगळी. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला थिओडोर डीनर म्हणून शास्त्रज्ञ होते, मूळचे झुरिकचे. बटाटा चातीसारखा लांबट-निमुळता होतो त्या रोगाच्या मागं ते काही वर्षं लागले होते. सेंट्रिफ्यूजमधे फिरवलं तर रोगाचं मूळ व्हायरससारखं तळाला बसेना. प्रोटीन फोडणारं एन्झाइम (पेशीतली रासायनिक कामं उरकणारा पदार्थ) घातलं, रोग तसाच. डीएनए फोडणारं घातलं, तसाच. आरएनए फोडणारं घातलं की मात्र रोग गायब. म्हणजे नुसता आरएनए, तोही एवढासा की त्यावेळच्या लोकांना पटेना. १९७१ ला त्यांनी त्याला व्हायरॉईड नाव दिलं, १९७८ ला जर्मन शास्त्रज्ञांनी तो पूर्ण वाचला तर निघाली ३५९ अक्षरं, गोल जोडलेली. कोरोनाचा आरएनए साधारण ३०,००० अक्षरांचा, त्याच्यापुढं हे म्हणजे लग्नपत्रिकेपुढं बसचं तिकीट. आणि त्या ३५९ अक्षरांत एकही प्रोटीन बनवायची कृती नाही. झाडाचीच मशिनरी वापरायची, झाडाकडूनच आपल्या कॉप्या काढून घ्यायच्या.

आता खरं ज्याच्यासाठी हे पत्र लांबतंय ते. शेवंतीत दुसरा एक व्हायरॉईड असतो, पानावर पिवळे चट्टे पाडणारा, सुमारे ४०० अक्षरांचा. माझ्याकडच्या खुज्याचा भाऊबंद म्हणावा तर घराणं वेगळं. त्याच्यावर स्पेनमधे व्हॅलेन्सियाला रिकार्डो फ्लोरेस यांनी काम केलं, ते २०२० ला वारले. आम्हाला कॉलेजात व्याख्या होती एन्झाइम म्हणजे प्रोटीन, एक मार्काला यायची, मी पण तेच लिहून मार्क घेतलेत. ती व्याख्या खरं तर आम्ही शिकायच्या आधीच मोडली होती. १९८२ ला थॉमस चेक यांना एका एकपेशीय जीवात स्वतःला स्वतः कापणारा आरएनए सापडला, सिडनी ऑल्टमन यांनाही वेगळ्या वाटेनं असंच दिसलं की आरएनए एन्झाइमचं काम करतो, दोघांना १९८९ चं नोबेल मिळालं. आणि १९८६ ला ऑस्ट्रेलियात ॲडलेडला रॉबर्ट सायमन्स यांच्या लॅबला अव्होकॅडोच्या व्हायरॉईडमधे तसाच कापणारा तुकडा दिसला. कागदावर काढला तर आकार हातोडीच्या डोक्यासारखा, म्हणून नाव पडलं हॅमरहेड.

शेवंतीच्या चट्ट्यावाल्यातही हाच हॅमरहेड आहे. त्याचं काम कसं चालतं तर गोल आरएनएवरून झाडाचं एन्झाइम रहाटासारखं फिरत राहतं आणि कॉपीला कॉपी जोडून एक लांबच लांब धागा निघतो. आता हा नेमक्या जागी तोडायचा कुणी? आपल्याकडं ऊस तोडायला टोळी लागते, कोयता लागतो. इथं ऊसच पेऱ्यावर आपोआप मोडून टिपऱ्या होऊन पडतो. धागा स्वतःला कापतो, मग प्रत्येक तुकड्याची टोकं जोडून पुन्हा गोल. खुज्याला हे जमत नाही, त्याला कापायलाही झाडाचंच एन्झाइम लागतं.

२००९ ला फ्लोरेस आणि त्यांच्या सोबत्यांनी 'सायन्स' या शोधपत्रिकेत जे छापलं ते वाचून मी रात्री बायकोला उठवून सांगितलं, ती झोप म्हणाली. त्यांनी या चट्ट्यावाल्याची कॉपी काढताना चुका किती होतात ते मोजलं. मोजायची युक्ती बघा. ज्या चुकीनं हॅमरहेड बिघडतो त्या कॉपीला स्वतःला कापता येत नाही, म्हणजे तिची पुढं पिलावळ नाही, म्हणजे अशी बिघडलेली कॉपी रोपात सापडली तर ती ताजी चूकच असणार, जुनी साठत आलेली नव्हे. अशा मेलेल्या कॉप्या मोजल्या की चुकांचा खरा वेग हाती येतो. उत्तर आलं साधारण ४०० अक्षरांना एक चूक. त्याची लांबीच ४०० च्या आसपास, म्हणजे जवळपास दर कॉपीला एक चूक, आणि तोपर्यंत मोजलेल्या कुठल्याही जिवात, व्हायरसमधे एवढा मोठा आकडा आला नव्हता. (तुमच्या प्रूफरीडरनं नाराज होऊ नये.) हे सगळं कुठं मोजलं, तर शेवंतीच्या रोपात. आपण जी हारात ओवतो ती.

यातून औषध निघेल का असं पाहुणे विचारतात. प्रयत्न झालेत. १९८८ ला ऑस्ट्रेलियात हॅसलॉफ आणि गेर्लाख यांनी हॅमरहेडचे दोन भाग सुटे करून आपल्याला हवा तो आरएनए कापायला लावला, आणि १९९७ ला चीनमधे बटाट्याच्या झाडात तशी कात्री घालून डीनरवाल्याच व्हायरॉईडला अडवून दाखवलं. पण ती जीएमची, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकाची गोष्ट झाली, आपल्या दुकानात त्याची बाटली मिळत नाही. लागलेलं झाड बरं करणारी फवारणी नाही, कुणी विकत असेल तर माझ्या निळ्या पाण्याचं बिल बघायला या.

मग उरतं काय, तर हत्यार आणि बेणं, कारण व्हायरॉईड पसरतो तो झाडाचा रस लागलेल्या हत्यारा-हातांवरनं आणि रोगट बेण्यातनं. माझी सासुरवाडी पुसेगावकडची, तिथं बटाट्याचं बेणं कापताना बघितलंय. सोप्यात पोती ओतलेली, चौघी-पाचजणी विळा घेऊन बसतात, डोळा बघून फोड करायची आणि टोपलीत टाकायची, नंतर फोडी बुरशीनाशकात बुडवतात, सावलीत सुकवतात, सगळं कसं व्यवस्थित. पण विळा सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच, एकदाही पुसत नाहीत. तिथल्या बटाट्यात व्हायरॉईड आहे असं मी म्हणत नाही. पण एक कंद जरी तसला आला तर बुरशीनाशक त्याला काही करणार नाही आणि विळा त्याला पोत्यापोत्यांतून फिरवून आणेल. उसात खोडवा खुजा करणारा बॅक्टेरियाही कोयत्यावरनंच जातो, हे कारखान्याचे लोक सांगतातच की.

नुसतं स्पिरिटनं पुसून किंवा ज्योतीवर धरून व्हायरॉईड जात नाही, सोडियम हायपोक्लोराईटचं पाणी लागतं. काश्या काढायचा मदर प्लॉट वेगळा ठेवायचा आणि त्याची आरटीपीसीआर करायची, एलायझावर थांबायचं नाही. संशयाचं झाड मुळासकट काढायचं, बांधावर टाकायचं नाही. एवढं चौकटीत छापलंत तरी पुष्कळ झालं, डीनर न फ्लोरेस नाही छापलं तरी चालेल, म्हणजे वाईट वाटेल पण चालेल.

हायपोक्लोराईटनं लोखंड गंजतं ही अडचण आहेच. मी आता प्रत्येक बाईला दोन कात्र्या देतो, एक हातात, एक बादलीत बुडवलेली, ओळ संपली की बदलायची, साध्या पाण्यात विसळून मग कापायला घ्यायची. शेंडे नखानं खुडणं बंद केलंय. पहिल्या दिवशी बाया हसून बेजार, म्हणाल्या दादा कात्रीला आंघोळ घालतोय, आता पावडर-कुंकू पण लाव. यंदा वीस गुंठ्यात खुजी झाडं अकरा निघाली, सगळी एकाच ओळीत, त्या दिवशी एक बादली सांडली होती.

आपला एक वाचक,
ता. कोरेगाव, जि. सातारा