दूध पिताना येणारा घाम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, की धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातील अंगणवाड्या निम्म्या रिकाम्या होतात. निवृत्त अंगणवाडी सेविका या नात्याने, त्या टोळ्यांबरोबर जाणाऱ्या जन्मजात हृदयदोषाच्या बालकांविषयी लिहीत आहे.

एक बाळ मला आजही आठवते. ते दोन-चार घोट दूध ओढून धापा टाकत थांबे आणि ऐन थंडीतही त्याच्या कपाळावर घाम डवरलेला असे. "हिनं गिऱ्हाण पाळलं नाही," असे सासू म्हणे व आई मान खाली घाली. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे मी त्या घरात किती वेळा सांगितले असेल!

हजारात साधारण आठ-नऊ बाळे हृदयदोष घेऊन जन्मतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असेल, तर डाव्या बाजूचा दाब जास्त असल्यामुळे शुद्ध रक्ताचा काही भाग पुन्हा फुफ्फुसांकडे वळतो. त्यामुळे बाळाला धाप लागते, वजन वाढत नाही आणि वारंवार न्यूमोनिया होतो. लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठे छिद्र मात्र बहुधा पहिल्या वर्षातच बुजवावे लागते, कारण ते वर्षानुवर्षे तसेच राहिल्यास फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या जाड व कडक होतात आणि मग शस्त्रक्रियेची वेळच निघून जाते. अशा बाळासाठी ऊसतोडीचा एक हंगाम फार मोठा असतो.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, पण मूल तेव्हा उसाच्या फडात असते. वरील बाळाची इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) माघ महिन्यात ठरली होती. मजुरीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असल्याने आई-वडिलांना फड सोडता आला नाही. कारखान्याजवळच्या डॉक्टरांनी खोकल्याचे औषध दिले, कारण छिद्राची नोंद असलेले कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत कुलपात होते.

म्हणून आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे, की टोळ्या निघण्यापूर्वी, भाद्रपदातच, या गावांतील पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे हृदय तपासावे, संशय असल्यास इको त्याच आठवड्यात करावा आणि निदान ठळक अक्षरांत लिहिलेले कार्ड आईच्या हाती देऊन कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रालाही कळवावे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. धारूर, जि. बीड