११ तारखेचं आभाळ

कोकुरा, किताक्युशू, जपान
१२ ऑगस्ट

ती. आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत, एका दिवसाच्या हवेनं इतिहास बदलतो म्हणतात ते खरं का, तू राहतेस त्या गावावरूनच सांग. मग फोन आजीकडे गेला, तिच्याकडून काकूकडे, आणि उत्तर राहून गेलं. तसंही हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

नॉर्मंडी तुम्हाला तोंडपाठ आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचं सैन्य फ्रान्सच्या या किनाऱ्यावर ५ जून १९४४ ला उतरायचं ठरलं होतं. इंग्लिश खाडीत वादळ येणार असं जेम्स स्टॅग या हवामान अधिकाऱ्यानं सांगितलं आणि सरसेनापती आयझेनहॉवरनं मोहीम एक दिवस पुढे ढकलली. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉड इथे पोस्टात काम करणारी मॉरीन फ्लॅव्हिन नावाची मुलगी हवेच्या दाबाच्या नोंदी घ्यायची, त्यांचा या अंदाजात मोठा वाटा होता. आपण कशासाठी आकडे कळवतोय याचा तिला पत्ताही नव्हता. ६ जूनला दीड लाखावर सैनिक उतरले. ती वेळ हुकली असती तर भरती-ओहोटीचं गणित पुन्हा जुळायला १९ जूनच्या आसपासचा दिवस उजाडला असता, आणि नेमकं १९ पासून असं वादळ सुटलं की दोस्तांनी किनाऱ्याला उभारलेलं एक अख्खं कृत्रिम बंदर मोडलं. तिथे हवेनं इतिहास बदलला असता, हे मला मान्य आहे.

कोकुऱ्याची गोष्ट नेहमी अशी सांगतात: ९ ऑगस्ट १९४५ ला दुसरा अणुबॉम्ब इथल्या किल्ल्याशेजारच्या शस्त्रांच्या कारखान्यावर पडायचा होता, आभाळ आलं, म्हणून तो नागासाकीवर पडला. खरं आहे, पण पुरतं नाही. हवा बघायला पुढे पाठवलेलं विमान होतं एनोला गे, तीनच दिवसांपूर्वी हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं तेच. त्यानं कळवलं, कोकुरा मोकळं आहे. बॉम्ब घेऊन येणारं बॉक्सकार मात्र वाटेत याकुशिमा बेटावर दुसऱ्या विमानासाठी अर्धा-पाऊण तास घिरट्या घालत राहिलं. ते विमान आलंच नाही. बॉक्सकार इथे पोचलं तेव्हा खाली काही दिसेना. लक्ष्य डोळ्यांना दिसल्याशिवाय बॉम्ब टाकायचा नाही, असा हुकूम होता. गावावरून तीन फेऱ्या झाल्या. इंधनाचा एक पंप बिघडलेला, त्यामुळे फार थांबण्याची सोय नव्हती. विमान नागासाकीकडे वळलं.

आणि ते नुसतं आभाळ तरी कुठे होतं? आदल्या दिवशी, ८ ऑगस्टला, शेजारच्या यावातावर अमेरिकेच्या विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले होते. पोलादाच्या कारखान्याचं गाव ते. तिथला धूर वाऱ्यानं इकडे आला, असं सांगतात. विमानांना दिसू नये म्हणून आपण मुद्दाम डांबर जाळलं, असंही तिथल्या एका जुन्या कामगारानं म्हातारपणी सांगितलं. ढग किती, धूर किती, हे आता कोण वेगळं करणार? यावाता आणि कोकुरा १९६३ पासून एकाच किताक्युशू शहरात आहेत. मी रोज लोकलनं यावातावरून कामाला जाते. ढगानं कोकुरा वाचवलं असं कुणी म्हटलं की मला यावाता आठवतं.

नागासाकीतही ढगच होते. फटीतून क्षणभर खालचं दिसलं, ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला, तोही ठरलेल्या जागेपासून दूर, उराकामीच्या खोऱ्यात. तिथलं चर्च स्फोटाच्या जागेपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. आतली प्रार्थनेला आलेली माणसं जागच्या जागी गेली. वर्ष संपेपर्यंत सुमारे ७४,००० माणसं मेली. कोकुऱ्यावर बॉम्ब पडला असता तरी जपानची शरणागती, १५ ऑगस्टचं सम्राटाचं भाषण, पुढचा अमेरिकेचा ताबा, यांत फार फरक पडला असता असं मला वाटत नाही. मेलेल्यांची नावं बदलली असती, इतकंच. ते ‘इतकंच’ लिहिताना हात थांबतो, आबा, कारण मी इथल्या माणसांत राहते. माझ्या शेजारच्या आजी तेव्हा कोकुऱ्यातच होत्या, पाच वर्षांच्या.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. दुसरा बॉम्ब मुळात ११ ऑगस्टला टाकायचा होता. १० तारखेपासून चार-पाच दिवस हवा खराब राहणार असा अंदाज आला, म्हणून तारीख ९ वर आणली. पाऊस येणार कळलं की मामा तासगावच्या बागेतली द्राक्षं दोन दिवस आधी तोडून घेतो, तसाच हा निर्णय, तितकाच रोजच्यासारखा घेतलेला. आता मधले दोन दिवस बघा. ९ च्या पहाटे रशियानं मांचुरियात सैन्य घुसवलं. टोकियोत त्या सकाळी जपानच्या युद्धमंडळातल्या सहा जणांची बैठक चालू होती, शरण जायचं तर कोणत्या अटींवर यावर तीन एकीकडे, तीन दुसरीकडे. नागासाकीची बातमी बैठक चालू असतानाच आली, आणि त्यानंतरही मतं तीनास तीनच राहिली. रात्री सम्राटानं निर्णय दिला. १० तारखेला जपाननं, सम्राटाचं स्थान कायम राहावं एवढी अट घालून, शरणागती कळवली. त्याच दिवशी ट्रुमननं, अमेरिकेच्या अध्यक्षानं, सांगितलं की आपल्या स्पष्ट परवानगीशिवाय आणखी अणुबॉम्ब टाकायचा नाही.

म्हणजे ११ तारखेच्या हवेचा अंदाज चांगला आला असता, तर बॉम्ब पडायच्या आधीच तो हुकूम निघाला असता. कदाचित. नागासाकी घडलं नसतं तर सम्राट त्या रात्री बोलला असता का, हा प्रश्न उरतोच. पण रशियाची बातमी पहाटेच आली होती आणि नागासाकीनं बैठकीतलं एकही मत हललं नाही, म्हणून माझा कौल ‘बोलला असता’ असाच आहे. सगळे ९ तारखेच्या कोकुऱ्यावरच्या ढगाकडे बघतात. मला वाटतं नागासाकी खरं गेलं ते अजून न आलेल्या, नुसत्या कागदावरच्या ढगांमुळे. कोकुरा किंवा नागासाकी नव्हे, दोन्ही गावं जगली असती.

परवा ९ तारखेला कात्सुयामा बागेत गेले होते. जुन्या शस्त्रकारखान्याच्या जागेवर आता बाग आहे. दरवर्षी तिथे नागासाकीतल्या लोकांसाठी सभा असते, ११ वाजून २ मिनिटांनी सगळे उभे राहतात. शेजारच्या आजी व्हीलचेअरवरून येतात, आणि त्याही एका मिनिटासाठी उभ्या राहतात. गाव ‘आम्ही वाचलो’ म्हणून जमत नाही, हे मला या लोकांचं फार मोठेपण वाटतं.

आपल्या सांगलीच्या गावभागात ९ ऑगस्ट म्हटलं की २०१९ चाच महापूर निघतो, धोक्याची पातळी ४५ फूट असताना आयर्विन पुलापाशी ५७ वर गेलेलं पाणी. त्यामुळे तारीख आली की मी आधी कोयनेचा विसर्ग बघते. यंदा कसं आहे? ४० फुटांच्या वर चढायला लागलं तर वाट न बघता आजीला घेऊन मामाकडे जा, पुस्तकांच्या पेट्या माडीवर काका चढवील.

११ तारखेबद्दल तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा. सम्राटाबद्दलचा माझा कौल तुम्हाला पटणार नाही, असा माझा अंदाज आहे, तेव्हा कारणंही लिहा.

तुमची नात,
मुक्ता