ब्रुकलिनहून बाबांना पत्र

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

कशीबशी बारावी होऊन आलेल्या, इंग्रजी वाचताना अडखळणाऱ्या मुलांचे इथली कॉलेजे काय करतात, असे आपण विचारले होते. मी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या सरकारी कॉलेजात, अशाच मुलांना लेखन शिकवत असल्याने जरा सविस्तर लिहिते.

चाचणीत कमी पडलेल्या मुलाने आधी पायाभूत इंग्रजी आणि गणिताचे वर्ग करायचे, अशी रीत इथे अनेक वर्षे होती. त्यांची फी भरावी लागे, पण पदवीसाठी ते धरले जात नसत. पुष्कळ मुले तिथेच गळत. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने अलीकडे ते वर्ग बंद करून नेहमीच्या वर्गालाच जादा मदतीची जोड दिली आहे. दुसरी अडचण आपल्याला नवी वाटेल. आपल्याकडे तुकडी असते, म्हणून मुले आपोआप एकमेकांना धरून राहतात. इथे प्रत्येक जण आपापले विषय निवडतो, त्यामुळे इंग्रजीच्या तासाला शेजारी बसणारा पुन्हा भेटेलच असे नाही, आणि तास संपताच कामावर धावणाऱ्या मुलाची कॉलेजात कोणाशी ओळखच होत नाही.

यावर उपाय म्हणून ब्रुकलिनच्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजाने नव्या मुलांचे जास्तीत जास्त 25 जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाला इंग्रजी, मानसशास्त्रासारखा एखादा विषय आणि कॉलेजात कसे वावरावे हे शिकवणारा छोटा वर्ग असे तिन्ही एकत्र दिले. या पद्धतीला लर्निंग कम्युनिटी म्हणतात. तिचा खरा प्राण, माझ्या मते, शिक्षकांनी आधी एकत्र बसण्यात आहे. मानसशास्त्राच्या बाई स्मृतीचा धडा घेतात, त्याच आठवड्यात मी त्यावर निबंध लिहून घेते. एरवी अर्धे पान भरताना थकणाऱ्या एका मुलीने, आजीला जुनी गाणी तोंडपाठ असूनही सकाळची गोळी घेतल्याचे का आठवत नाही, यावर तीन पाने लिहिली, कारण सांगण्यासारखे काही तिच्या हाती आले होते.

परिणामाबद्दल मात्र वाढवून सांगणार नाही. किंग्जबरोत 2003 ते 2005 या काळात सुमारे 1,500 मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून तुलना झाली, तेव्हा गटातली मुले इंग्रजीची पायरी लवकर ओलांडताना दिसली. पुढे सहा कॉलेजांत पाहिले, तर लाभ थोडाच निघाला. एका सत्राच्या सोबतीने मुलाची तीन वर्षे निभत नाहीत. सिटी विद्यापीठाने 2007 साली सुरू केलेल्या असॅप योजनेत तीन वर्षे सल्लागार, इतर मदतीनंतर फीत उरलेल्या तुटीची भरपाई आणि प्रवासाचा पास मिळतो. तिथे अशाच कच्च्या मुलांपैकी तीन वर्षांत पदवी मिळवणारे 40 टक्के निघाले, तर योजनेबाहेरच्या तशाच मुलांत 22 टक्के.

आपल्या कॉलेजात तुकडी तयारच आहे, म्हणून वाटते की इंग्रजीच्या आणि इतिहासाच्या सरांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसून धडे जुळवले, तर खर्चाविना सुरुवात होईल. प्राचार्यांशी बोलून काय ठरते ते कळवावे; निबंधांचे काही नमुने मी पुढच्या पत्रासोबत पाठवते.

आईस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद.

आपली,
सुमन