महिना जुळतो, वर्ष जुळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली की घराघरांत दोनच विषय असतात, कार्यालय कुठले आणि पैसे कुठून. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे आजीपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळेच सांगतात. अंथरूण मोजायचे कसे, हे मात्र कुणी सांगत नाही. सुखी संसारावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येते, त्यात ही मोजणीही यावी म्हणून हे पत्र.

एक नमुना घेऊ. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, बायको घरी शिवणकाम करते, दोन मुले शाळेत. दोघांचे मिळून महिन्याला २८,००० येतात. भाडे ५,५००, किराणा-भाजी-दूध ७,०००, वीज १,२००, शाळा-शिकवणी २,५००, पेट्रोल आणि मोबाइल २,२००, औषधपाणी १,०००, गाडीचा आणि बचत गटाचा मिळून हप्ता ६,५००. बेरीज २५,९००. हाती २,१०० उरतात, तेव्हा सगळे ठीक चालले आहे असे वाटते. आता वर्षातून एकदाच येणारे खर्च मांडा. जूनमध्ये फी, वह्या-पुस्तके, गणवेश १२,०००, दिवाळी १०,०००, लग्नांतले आहेर-मानपान ८,०००, अचानकचा दवाखाना आणि गावी जाणे-येणे ५,०००, दुचाकीचा विमा व दुरुस्ती ४,०००, संक्रांतीची सोलापूरची गड्डा यात्रा आणि तेव्हाचे पाहुणे ३,०००. हे झाले ४२,०००, म्हणजे महिन्याला ३,५००. शिल्लक २,१०० आणि लागतात ३,५००. दरमहा १,४०० चा खड्डा, वर्षाला १६,८००. महिना जुळतो, वर्ष जुळत नाही. मग जूनमध्ये दागिना गहाण पडतो, दिवाळीत क्रेडिट कार्ड निघते, मधल्या काळात मित्राकडून दोन-तीन हजार येतात, आणि यातले निम्मे जोडीदाराला ठाऊक नसते. पुढे भांडण होते ते पैशावरून कमी आणि ‘मला का नाही सांगितलंस’ यावरून जास्त.

म्हणून वर्षाचे खर्च आधी लिहायचे, बाराने भागायचे आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी तेवढी रक्कम आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत, टाकायची. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, जूनच्या फीसाठी तिचा उपयोग नाही. त्यासाठी बँकेची बारा महिन्यांची, मे महिन्यात संपणारी घ्यावी, आणि दिवाळीसाठी वेगळी. आज ३,५०० साधत नसतील तर चालू हप्त्यांतला कोणता आधी फिटतो ते पाहावे, आणि तो फिटला की तेवढे पैसे नव्या मोबाइलच्या हप्त्याकडे न जाता आरडीकडे वळवावेत. हिशेबाला दोघांनी महिन्यातून एकदा अर्धा तास बसावे. रविवारची सकाळ बरी. पगाराची रात्र नको, त्या रात्री अंग दमलेले असते आणि हात सैल असतो. वहीत तीन रकाने पुरतात, देणे कुणाचे, किती उरले, कधी फिटणार. भिशीचे उरलेले हप्तेही याच वहीत यावेत. भिशी आधी उचलली की ती बचत राहत नाही, कर्ज होते.

नाती बिघडण्याचा हमखास रस्ता म्हणजे जामीन राहणे. ‘नुसती सही तर करायची आहे’ म्हणत पाहुणा पतसंस्थेत घेऊन जातो. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागा आणि मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातील कलम १०१ खाली वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा अधिकृत आदेश) निघाला की जामीनदारही त्यात येतो. बँकेच्या कर्जाला जामीन असाल तर ते तुमच्या क्रेडिट अहवालातही (बँका पाहतात त्या कर्जांच्या नोंदीत) दिसते, आणि स्वतःच्या घरासाठी अर्ज करताना नेमके तेच आड येते. सही करायचीच असेल तर रक्कम, मुदत आणि व्याजदर भरलेल्या कागदावर करावी, प्रत मागून घ्यावी, कोरा धनादेश देऊ नये. त्याहून बरे म्हणजे ‘आम्ही जामीन राहत नाही’ हे घरात आधीच ठरवून टाकावे. मग मेहुण्याला दिलेला नकार त्याच्या एकट्यासाठी नसतो, तो घरचा नियम असतो. राग येतो, पण ओसरतो. मदत करायचीच तर बुडाली तरी चालेल एवढीच रक्कम उसनी द्यावी आणि ती खात्यातून द्यावी. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. सोबत तारीख आणि रक्कम लिहून ठेवावी. भावाकडून लिहून काय घ्यायचे, असे वाटते खरे, पण न लिहिलेली रक्कम देणाऱ्याच्या डोक्यात वाढत जाते आणि घेणाऱ्याच्या डोक्यात कमी होत जाते.

वेळेचा हिशेब तर कुणीच मांडत नाही. सोलापुरात २२,००० मिळत असताना पुण्यात ३४,००० मिळतात म्हणून मुलगा निघतो. कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेचे भाडे) ५,०००, मेस ४,०००, शहरातला प्रवास २,०००, महिन्यातून चार वेळा घरी येणे-जाणे २,०००, वरखर्च २,५००. राहिले १८,५००. इथे घरात ३,००० दिले आणि पेट्रोलला १,५०० गेले तरी १७,५०० राहतात. म्हणजे आईवडील, मित्र आणि घरची भाकरी सोडल्याचा महिन्याचा मोबदला हजार रुपये. शिकण्याची पहिली दोन-तीन वर्षे असतील तर आमच्या मते तरीही जावे, कारण अनुभवाची किंमत या बेरजेत येत नाही. बायको-मुले इथे ठेवून पस्तिशीत जाणाऱ्याने मात्र हा कागद बायकोसमोर बसून मांडावा.

घरातल्या घरातही वेळ वाटून घ्यावा लागतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. ज्या दिवशी येते त्या दिवशी पिंप, टाकी, हंडे भरण्यात एका माणसाचे दोन तास सहज जातात, आणि ते माणूस बहुधा बाईच असते. त्याच दिवशी साठलेले कपडे आणि डबेही तिच्याच वाट्याला. शिवणकाम किंवा विड्या करणाऱ्या बाईचे दोन तास म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. पाण्याची पाळी कॅलेंडरवर नावानिशी लिहावी. एकदा नवऱ्याची, एकदा मोठ्या मुलाची.

आता लग्न. कर्ज काढताना ‘बारा टक्के’ ऐकून सही होते, पण ते फ्लॅट आहे (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की घटत्या शिलकीवर (फेडून उरलेल्या रकमेवरच व्याज), हे विचारले जात नाही. एक लाख, तीन वर्षे, १२ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ३६,००० आणि हप्ता ३,७७८. तेच घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता ३,३२१ आणि व्याज सुमारे १९,६००. फ्लॅटचा खरा दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना वैयक्तिक कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यावे लागते. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो, आणि कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा लागतो. तो मराठीत मागावा. पतसंस्थेला हा नियम लागू नाही, तिथे हप्त्यांचा तक्ता मागून स्वतः बेरीज करावी. आणि पाचशेऐवजी तीनशे माणसे बोलावली तर १८० रुपये पान धरून ३६,००० वाचतात, वरचे सगळे व्याज निघून जाते. कुणाला वगळायचे हा वाद टाळायचा असेल तर दोन्ही घरांनी, काही झाले तरी सोडायच्या नाहीत अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या कागदांवर लिहाव्यात. कुणाला जेवण चांगले हवे असते, कुणाला आजीचे पाहुणे, कुणाला फोटो. दोन्ही यादींत नसलेली वरात आणि डीजे मग कुणासाठी आहेत ते आपोआप कळते.

ठेवींबाबत एवढेच, की बँकेतली ठेव दर माणशी, दर बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याज कशासाठी मिळते, ते यावरून समजावे. नॉमिनीचे नावही तपासावे. लग्नाआधी लावलेले आईचे नाव कितीतरी खात्यांवर तसेच असते. विडी कामगार बायकांच्या भविष्य निर्वाह निधीत माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि दावा तिथेच अडतो. ही दुरुस्ती हातात वेळ असताना करावी.

राहिला विमा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत (वय १८ ते ५०) आणि सुरक्षा विमा २० रुपयांत (वय १८ ते ७०), प्रत्येकी २ लाखांचा. दुसरा फक्त अपघाताचा. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे असते आणि पैसे मे महिन्यात खात्यातून आपोआप वळते होतात. त्या दिवशी शिल्लक नसेल तर संरक्षण थांबते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात लग्ने आणि शाळेच्या खरेदीने खाती रिकामी असतात. नवरा-बायको दोघांच्याही खात्यात ४५६ रुपये ठेवा, एवढी चौकट मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपण पहिल्या पानावर छापावी, ही विनंती.

कळावे,
घरगुती कर्ज आणि बचतीचा सल्ला देणारे काही वाचक, सोलापूर