घाऱ्या डोळ्यांवरून जात ठरवू नका

संपादक महोदय, नमस्कार,

परवा अलिबाग एसटी स्टँडवर एक काका माझ्या डोळ्यांकडे बघत म्हणाले, "घारे डोळे, म्हणजे कोकणस्थच ना तुम्ही?" मी आगरी आहे म्हटलं तर "शक्यच नाही"! खूप राग आला हो. डोळ्यांच्या रंगात ओसीए२ आणि एचईआरसी२ या शेजारशेजारच्या जीन्सचा मोठा वाटा असतो, त्यात जात कुठे आली? नाकं मोजून जातींची उतरंड लावणारे ब्रिटिश अधिकारी रिस्ले १९०१च्या जनगणनेचे आयुक्त होते, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपली नजर अजून तीच.

आणि आपला किनारा बघा ना, शतकानुशतकं गलबतं लागली इथे, जंजिऱ्याला आफ्रिकेतून आलेले सिद्दी राज्य करून गेले, आणि नवगावला गलबत फुटून उतरलो असं परंपरेने सांगणारे बेने इस्राएल ज्यू मराठीच बोलायचे, तेलाचे घाणे चालवायचे, गावाने त्यांना ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही, शनिवारी घाणा बंद असायचा म्हणून, नावच पडलं शनिवार तेली!

माझी आजी मात्र नव्या बाळाचा कान चिमटीत धरून सांगायची, "ह्यो आज्याचा कान." तेवढंच बघायची ती, आणि बाळाला मांडीवर घ्यायची.

– एक वाचक, रेवदंडा