दहावीचे वर्ष आणि घरातले जेवण

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या थोरल्या मुलीची दहावी मार्चमध्ये संपली. मागे वळून पाहताना जाणवते की, गेल्या वर्षी आमच्या घराचे वेळापत्रक आम्ही नव्हे, तर खासगी शिकवणीने ठरवले. सकाळी शाळा, सायंकाळी शिकवणी आणि रात्री सराव परीक्षा, यामुळे सर्वांनी एकत्र बसून जेवण्याची सवय जूनमध्येच मोडली. धाकटा मुलगा बहुतेक वेळा आजीबरोबर आधीच जेवून झोपलेला असे.

आषाढात ‘पी ढबाक’ या पारंपरिक वाद्यांच्या तालावर पंचगंगेचे नवे पाणी घेऊन गल्लीतील मंडळी त्र्यंबोली देवीच्या टेकडीकडे निघतात; आजीला गेल्या वर्षी नातीविना जावे लागले. दसरा चौकातील सोने लुटण्याचा सोहळाही चुकला, कारण शिकवणीवाल्यांनी त्या सायंकाळी जादा तास ठेवला होता. (विजयादशमीला विद्यारंभ करावा, हे त्यांनी जरा शब्दशःच घेतले असावे.) मुलीला गुण चांगले मिळतील, याबद्दल तक्रार नाही. मात्र ज्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेथे आज शाळेची फी भरून पुन्हा तेच विषय सायंकाळी विकत घ्यावे लागतात, याचा विचार पालकांनी शाळेच्या सभेत मोकळेपणाने मांडायला हवा.

शहरातील शिकवणीचालकांनी निदान रविवारची सायंकाळ आणि स्थानिक सणांचे दिवस मोकळे ठेवावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक पालक, कोल्हापूर